अमेरिकेतलं कुठलं शहर? ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या नोकरीचं पत्र हाती पडलं, की घरच्या ग्रुपवर सल्ले सुरू होतात. टेक्ससला जा, तिथे टॅक्स नाही. सिएटलला बारा महिने पाऊस. न्यूयॉर्कला अंधार पडल्यावर बाहेर पडायची सोय नाही. डेट्रॉइटचं तर नावच काढू नका. सांगणाऱ्यांना मनापासून काळजी असते आणि प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्यही असतं. पण यातली बरीच माहिती वीस-तीस वर्षं जुनी असते आणि उरलेली अख्ख्या शहराची सरासरी असते. प्रत्यक्षात भाडं, कर, शाळा, पुराचा धोका, ऑफिसला जायला लागणारा वेळ हे सगळं तिथे पत्त्यागणिक बदलतं.

सर्वांत महागात पडणारं अर्धसत्य कराचं आहे. टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, हे खरं. केंद्र सरकारचा कर आणि सोशल सिक्युरिटीची कपात मात्र कुठेही चुकत नाही. शिवाय राज्याला शाळा, रस्ते, पोलीस यांचा खर्च कुठून तरी काढावाच लागतो. टेक्सस तो घरांवरच्या करातून काढतं. डॅलसच्या उपनगरात साडेचार लाख डॉलरचं घर घेतलं, तर मालमत्ता कर साधारण दीड ते दोन टक्के, म्हणजे वर्षाला सात ते नऊ हजार डॉलर. बँक तो बहुधा गृहकर्जाच्या हप्त्यातच धरते. त्यामुळे पहिल्या वर्षी हप्ता अमुक होता आणि मूल्यांकन वाढल्यावर तो एकदम का चढला, हे कोडं अनेक नव्या घरमालकांना पडतं. भाड्याने राहणारेही यातून सुटत नाहीत, घरमालक तो कर भाड्यातच धरतो. वर खरेदीवर सव्वाआठ टक्क्यांपर्यंत विक्रीकर. सिएटलमध्ये हाच विक्रीकर दहा टक्क्यांच्या वर आहे.

कॅलिफोर्नियात चित्र नेमकं उलटं. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर १३.३ टक्के, पण १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’मुळे मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधलेला आहे आणि घर विकलं जाईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. म्हणून एकाच गल्लीत, एकसारख्या दोन घरांपैकी १९८० च्या दशकात घर घेतलेल्या आजीबाईंचा कर नव्याने आलेल्या शेजाऱ्याच्या कितीतरी पट कमी असतो. नव्याने येणाऱ्याला वाढीवरच्या या मर्यादेचा लगेच काही लाभ नाही, दहा-पंधरा वर्षं टिकणाऱ्याला मोठा आहे.

टेक्सस बहुतेक नोकरदारांना तरीही स्वस्त पडतं. त्याचं मुख्य कारण घरांच्या किमती आहेत. ह्यूस्टनमध्ये तर जमीनवापराचं झोनिंगच नाही. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा मतदारांनी ते फेटाळलं. बांधकाम भराभर होतं, म्हणून किमती आवाक्यात राहतात.

न्यूयॉर्कबद्दल दोन समज घट्ट रुजलेत: ते परवडत नाही आणि ते धोकादायक आहे. भाडं प्रचंड आहे यात वाद नाही. शहर स्वतःचा वेगळा प्राप्तिकरही घेतं, वरचा दर ३.८७६ टक्के. पण या शहरातल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे गाडीच नाही. अमेरिकेत नवी गाडी बाळगायचा खर्च, घसारा, विमा, इंधन, कर्जाचं व्याज सगळं धरून, वर्षाला साधारण बारा हजार डॉलर येतो आणि डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये नवरा-बायको दोघं नोकरी करणारी असतील तर गाड्या दोन लागतात. भाड्यांची तुलना करताना हे चोवीस हजार कुणी धरतच नाही. नदीपलीकडे जर्सी सिटीत राहून पाथ रेल्वेने मॅनहॅटन गाठणारी कितीतरी भारतीय कुटुंबं आहेत. त्यांना न्यूयॉर्क राज्याचा कर भरावा लागतो, पण शहराचा लागत नाही. मात्र घर विकत घ्यायचं ठरवलं, तर न्यू जर्सीचा मालमत्ता कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे.

आता सुरक्षिततेचं. न्यूयॉर्कची भीती १९९० ची आहे. त्या वर्षी तिथे २,२०० हून अधिक खून झाले होते. २०१७ मध्ये हा आकडा तीनशेच्या खाली आला. महासाथीच्या काळात वाढला, पण २०२४ मध्येही चारशेच्या आतच होता, तोही ऐंशी लाखांच्या वर वस्तीत. लोकसंख्येच्या प्रमाणात डॅलस आणि ह्यूस्टनचे आकडे याहून वाईट आहेत. शिवाय ‘सुरक्षित’ म्हणताना रस्ता कुणी मोजत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ४२ हजारांहून जास्त माणसं गेली, खुनांच्या जवळपास दुप्पट. रोज शंभर किलोमीटर फ्रीवेवर गाडी चालवणं हाही धोकाच आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

गुन्ह्यांच्या याद्यांमध्ये आणखी एक गफलत असते. सेंट लुईस अशा याद्यांत कायम वर दिसतं, कारण १८७६ मध्ये ते आपल्या काउंटीपासून वेगळं झालं आणि त्याची हद्द तिथेच गोठली. सुखवस्तू उपनगरं हिशेबात येतच नाहीत. शहरं मोठी की लहान हेही हद्दीवरच ठरतं. २०२० च्या जनगणनेत जॅक्सनव्हिलची लोकसंख्या मायामीच्या दुपटीहून जास्त भरली आणि सान होसे सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा मोठं निघालं. म्हणून तुलना करायचीच, तर उपनगरांसकट संपूर्ण महानगर क्षेत्राची करावी.

हवामानाबद्दल तर बोलायलाच नको. सिएटलचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या थोडा आत असतो. पुण्याहून जास्त, पण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. न्यूयॉर्क आणि मायामीत सिएटलहून जास्त पाऊस पडतो. सिएटलला जड जातो तो प्रकाशाचा अभाव. ऑक्टोबर ते मार्च ढगाळ आकाश, भुरभुर, आणि डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्यास्त. जुलै-ऑगस्ट मात्र जवळजवळ कोरडे आणि रात्री नऊपर्यंत उजेड. नव्याने आलेल्या कुटुंबात घरी एकटं राहणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः व्हिसामुळे काम करता न येणाऱ्या जोडीदाराला, तो पहिला हिवाळा फार जड जातो. निर्णय घेताना त्या व्यक्तीचं मत पगाराइतकंच मोलाचं धरायला हवं.

सॅन फ्रान्सिस्को म्हणजे कॅलिफोर्निया, म्हणजे ऊन, असं समजून जुलैत हाफ शर्टात पोचलेले पर्यटक धुक्यात कुडकुडताना दिसतात. तिथे जुलैचं दुपारचं तापमान विशीच्या आसपास असतं आणि खरी ऊब सप्टेंबरात येते. त्याच दुपारी खाडीपलीकडे वॉलनट क्रीकला पारा तिशीच्या पुढे गेलेला असतो. फिनिक्सबद्दल ‘कोरडी उष्णता, सोसते’ असं नागपूर-अकोल्याकडचे लोकही म्हणतात. पण २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर होतं आणि कित्येक रात्री ते ३२ च्या खाली उतरलंच नाही. त्या वर्षी फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेमुळे ६४५ मृत्यू नोंदले गेले. शिकागोच्या थंडीची ख्याती मात्र अगदी खरी आहे. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेत माणसं जुनी खुर्ची ठेवून जातात आणि शेजारीपाजारी तिचा मान राखतात.

सर्वांत काळजीपूर्वक पाहायची गोष्ट घर दाखवताना कुणी आपणहून दाखवत नाही: पाणी. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळामुळे ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत दीड लाखांहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यातली सुमारे दोन तृतीयांश घरं ‘शंभर वर्षांच्या पुराच्या’ नकाशाबाहेरची होती. ‘पूरक्षेत्राबाहेर आहे, म्हणजे चिंता नाही’ हा समज त्या आठवड्यात हजारो कुटुंबांना भोवला. मुळात शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती चारातून एकाच्या घरात जाते. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर या बंधाऱ्यांमागे पाणी साठायच्या जागेतच वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि अनेक खरेदीदारांना त्याचा पत्ताही नव्हता. साध्या गृहविम्यात पूर येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि ती सहसा तीस दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी ऐकून घ्यायला धावलेल्याला ती उपयोगी पडत नाही.

‘आयटी म्हणजे बे एरिया’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, हा समजही आता मागे पडायला हवा, पण नोकऱ्यांची संख्या मात्र पाहायलाच हवी. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर नवी शोधायला बहुधा साठ दिवसच मिळतात. जिथे एकाच क्षेत्रातल्या अनेक कंपन्या आहेत, तिथे हे साठ दिवस पुरू शकतात. जिथे एकच मोठी कंपनी आहे, तिथे मुलांची शाळा मोडून राज्य बदलावं लागतं. औषधनिर्मितीसाठी न्यू जर्सी, जैवतंत्रज्ञानासाठी बॉस्टन, ऊर्जेसाठी ह्यूस्टन आणि मोटारींसाठी, होय, डेट्रॉइट. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं हे शहर २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही आत आलं आणि २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं, हे खरं आहे. पण तिथे येणारे पुण्या-चाकणकडचे अभियंते बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतात. शिवाय २०२३ च्या अंदाजात खुद्द शहराची लोकसंख्याही १९५७ नंतर पहिल्यांदा वाढली.

मराठी माणसांच्या सोबतीसाठी एकच शहर धरून बसायचंही कारण नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं लॉस एंजेलिस, मिशिगन, डॅलस, सान होसे अशी फिरत असतात आणि अनेक शहरांतली मंडळं गणेशोत्सवाबरोबर रविवारची मराठी शाळाही चालवतात.

घराच्या एजंटला ‘इथे भारतीय किती राहतात?’ किंवा ‘वस्ती चांगली आहे ना?’ असं विचारलं, तर तो बहुधा उत्तर टाळतो. १९६८ च्या घरभेदभावविरोधी कायद्यामुळे त्याला वंशावरून कुणालाही विशिष्ट वस्तीकडे वळवता येत नाही. शाळांबाबतही अनेक एजंट मत देत नाहीत. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते आणि पत्ता फसवा असू शकतो. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत घेतलेलं घर फ्रिस्कोच्या शाळा-जिल्ह्यात येईलच असं नाही. त्याच शहराचे काही भाग प्रॉस्पर, लिटल एल्म आणि लुईसव्हिलच्या जिल्ह्यांत आहेत. करारावर सही करण्याआधी शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकला, की शाळेचं नाव कळतं. त्याच बैठकीत फेमा या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशावर तोच पत्ता तपासता येतो आणि दोन्हीला पैसे पडत नाहीत.