यादीतून वंशावळीकडे : सॉमरसेट प्लेस येथील कुलसंमेलन आणि कुलवृत्तांताची संकल्पना

मराठीत ‘कुलसंमेलन’ ही संज्ञा उच्चारली की तिच्यापाठोपाठ ‘कुलवृत्तांत’ हा शब्द येतो. मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि तेथून फुटलेल्या शाखांची वंशावळ एवढी सामग्री हाताशी असलेले घराणे एकत्र जमते आणि आपल्या पूर्वजांचे स्मरण करते. या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कुल आधीच सिद्ध आहे. संमेलनाने केवळ त्याची उजळणी करावयाची आहे. ज्यांच्या पूर्वजांना कुटुंब असण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. अशा लोकांचे कुलसंमेलन कशाच्या आधारावर भरते, या प्रश्नाच्या दृष्टीने ३० ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, सॉमरसेट प्लेस या ऐतिहासिक स्थळी भरलेले संमेलन अभ्यसनीय ठरते.

सॉमरसेट प्लेस हा वॉशिंग्टन काउंटीतील क्रेसवेलजवळ, लेक फेल्प्स या सरोवराच्या काठी वसलेला मळा होता. १७८५ ते १८६५ अशी ८० वर्षे तो गुलामांच्या श्रमावर चालला. १७८६ मध्ये ८० आफ्रिकी स्त्रीपुरुषांना थेट पश्चिम आफ्रिकेतून येथे आणण्यात आले. दलदलीच्या जमिनीतून सरोवर आणि स्कपरनाँग नदी यांना जोडणारा सुमारे ६ मैलांचा कालवा गुलामांनी खणला आणि त्या कालव्यावर मळ्याची शेती व गिरण्या उभ्या राहिल्या. मालकी कॉलिन्स घराण्याकडे होती. यादवी युद्धाच्या अखेरीस गुलामगिरी संपली, मुक्त झालेली कुटुंबे पांगली. पुढे १९६९ मध्ये हे ठिकाण राज्याचे ऐतिहासिक स्थळ झाले, तेव्हा तेथे उभा असलेला मालकाचा वाडा हाच स्वाभाविकपणे दर्शनाचा केंद्रबिंदू ठरला.

या स्थळाचा अन्वयार्थ बदलण्यास एका साहित्यकृतीचा प्रभाव कारणीभूत झाला. ॲलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यावरील दूरचित्रवाणी मालिका लक्षावधी घरांत पाहिली गेली. हेलींनी सांगितलेल्या वंशकथेच्या प्रमाणभूततेविषयी इतिहासकारांनी आणि वंशावळीच्या अभ्यासकांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले. परंतु या कृतीने वाचकांच्या मनात जागवलेला प्रश्न त्यामुळे बाद झाला नाही. व्हर्जिनियातील पोर्ट्समथ येथे समाजसेवा खात्यात काम करणाऱ्या डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड यांनी तो प्रश्न स्वतःच्या घराण्याला लावला आणि सुमारे दहा वर्षे दप्तरे धुंडाळली. हेलींच्या कथनात मौखिक परंपरेला मध्यवर्ती स्थान होते, तर रेडफर्ड यांचा मुख्य भर कागदपत्रांवर राहिला.

या कागदपत्रांचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या स्वतंत्र तक्त्यांत मालकाचे नाव असे. गुलामाचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदले जाई. मुक्त झालेल्या लोकांची नावे सरसकट आढळतात ती १८७० च्या जनगणनेपासून. त्यामागे जावयाचे तर मालकांची मृत्युपत्रे, विक्रीखते आणि मालमत्तेच्या याद्या यांखेरीज फारसा मार्ग उरत नाही. या कागदांत माणूस जंगम मालमत्ता म्हणून येतो. वारसांत वाटणी करता यावी, किंमत ठरवता यावी, एवढाच नोंदीचा हेतू असतो. कॉलिन्स घराण्याचे असे कागद मोठ्या प्रमाणात टिकून राहिले होते. रेडफर्ड यांनी तेच कागद उलट्या दिशेने वाचले : मालकाच्या दृष्टीने जी वाटणी होती, तीत त्यांनी आई आणि मूल शोधले. नातेसंबंध नाकारणाऱ्या संहितेतूनच नातेसंबंध सिद्ध करण्याची ही वाचनपद्धती तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना विशेष विचारप्रवर्तक वाटावी. १८६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या कायद्यान्वये मुक्त जोडप्यांना आपण किती वर्षे पतिपत्नी म्हणून राहत आहोत हे अधिकाऱ्यासमोर नोंदवता आले. गुलामगिरीच्या काळातील विवाहांना कायद्याने मान्यता नव्हती. या नोंदींमुळे ते प्रथमच कागदावर आले.

या शोधाची परिणती १९८६ च्या संमेलनात झाली. दोन हजारांहून अधिक लोक जमले. त्यांत गुलामांचे वंशज होते, तसे मालक घराण्याचे वंशजही होते. ॲलेक्स हेली स्वतः उपस्थित होते. संमेलनाला दिलेले ‘होमकमिंग’ हे नाव दक्षिणेतील कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेतून परिचित आहे. दूर गेलेल्यांनी ठरलेल्या दिवशी मूळ गावच्या चर्चमध्ये परतावे, प्रार्थना आणि सहभोजन करावे, अशी ती प्रथा. परंतु येथे ‘घर’ हा शब्द कमालीचा अवघड होतो. पूर्वजांना जेथे सक्तीने ठेवले गेले त्या जागेला वंशजांनी घर म्हणावे काय? संमेलनाने दिलेले उत्तर असे की, स्थळावरचा हक्क केवळ मालकीहक्काच्या दस्तऐवजाने ठरत नाही. ज्यांनी कालवा खणला, त्यांच्या श्रमानेही तो ठरतो. पुढे रेडफर्ड यांच्याकडेच या स्थळाची व्यवस्था आली आणि गुलामांची घरे व त्यांचे रुग्णालय यांची पुनर्बांधणी झाली. वाड्याभोवती फिरणारे कथन अशा रीतीने वस्तीपर्यंत पोहोचले. मायकेल डोर्सो यांच्या सहकार्याने लिहिलेला रेडफर्ड यांचा ‘सॉमरसेट होमकमिंग’ हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाला मराठी अर्थाने कुलवृत्तांत म्हणता येईल काय? दोहोंत पूर्वजांची नावे, शाखा आणि मूळस्थान यांचा शोध आहे. भेद आहे तो वंशरेषेचा. कुलवृत्तांत मूळपुरुषापासून पुत्रपरंपरेने खाली उतरतो. लेक विवाहानंतर दुसऱ्या वृक्षावर जाते आणि सून बदललेल्या नावाने या वृक्षावर येते. अमेरिकी गुलामगिरीत याच्या उलट घडले. मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला आणि इतर वसाहतींनी तेच तत्त्व स्वीकारले. परिणामी मालकाच्या यादीत आईचे नाव टिकण्यास कारण होते. पित्याची नोंद पुष्कळदा झालीच नाही. एका परंपरेत स्त्रिया दिसेनाशा होतात, दुसरीत पिते. दोन्हीकडे विस्मरणामागे मालमत्तेच्या संक्रमणाचा नियम उभा आहे.

मराठीतील तुलना येथेच थांबवली तर ती अपुरी राहील. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला आणि पुराणांतील वंशकथांची उलटतपासणी करून बळीराजाच्या रूपाने निराळा पूर्वज पुढे ठेवला. १९८४ साली, म्हणजे सॉमरसेटच्या संमेलनाआधी दोनच वर्षे, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ प्रसिद्ध झाले. पाटील पिता आणि महार माता यांच्या या पुत्राला बापाचे नाव आणि घर दोन्ही नाकारले जाते. ज्या नात्यांनी त्याला वाढवले ती आई आणि आजीची आहेत. कुलवृत्तांताच्या पानावर ज्याला जागा मिळाली नसती, त्याने आत्मकथनाचा आश्रय घेतला. या दृष्टीने ‘सॉमरसेट होमकमिंग’चा जवळचा आप्त मराठीत शोधावयाचा, तर तो घराण्यांच्या छापील वृत्तांतापेक्षा दलित आत्मकथनांत अधिक सापडतो.

वंशावळ ही रक्ताच्या नात्याची तटस्थ नोंद नसते. नोंद करण्याची गरज कोणाला होती आणि कशासाठी होती, यावर तिच्यातील नावे व रिकाम्या जागा अवलंबून असतात. सॉमरसेट येथे जमलेल्या लोकांना आधीच सिद्ध असलेल्या कुलाची उजळणी करावयाची नव्हती. मालकाच्या याद्यांत विखुरलेली नावे त्यांनी एकमेकांची नातलग म्हणून उच्चारली. त्या उच्चारातूनच ते कुल सार्वजनिक रीतीने सिद्ध झाले.