निवडतो एक, पैसे देतो दुसरा

बहुतेक औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे ११२ रुपयांची गोळ्यांची पट्टी आता १०५ रुपयांना मिळायला हवी. दर महिन्याला रक्तदाब-मधुमेहाची औषधं घेणाऱ्या घराला हे सात रुपयेही मोलाचे आहेत. पण उरलेल्या १०५ रुपयांत औषध किती आणि ते खपवण्याचा खर्च किती, हा मूळ प्रश्न करकपातीने सुटत नाही.

एकाच औषधाचे डझनावारी ब्रँड बाजारात असताना चढाओढीने भाव उतरायला हवा. नळाचा वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक ‘दुसरा दाखवा’ म्हणतं, म्हणून दुकानदार भाव आवरून धरतो. औषधाच्या दुकानात ही मुभा नाही. ब्रँड ठरवतात डॉक्टर, पैसे मोजतो रुग्ण. चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी तेच घटक असलेला दुसरा ब्रँड परस्पर द्यायला केमिस्टला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा दुकानात होतच नाही. ती होते दवाखान्याच्या दारात, कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या, म्हणजे एमआरच्या बॅगेतून. त्या स्पर्धेचा खर्चही शेवटी पट्टीवरच्या एमआरपीतच येऊन बसतो.

मग सरकारी किंमत-नियंत्रण काय करतं? १९९५च्या आदेशात ७४ औषधांची किंमत उत्पादनखर्चावरून ठरे. २०१३च्या आदेशाने ती पद्धत सोडली. आता आवश्यक औषधांच्या बाबतीत, १ टक्का किंवा जास्त बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात. बाजारच चढा असेल तर कमाल किंमतही चढीच राहणार. आवश्यक यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढीची मोकळीक आहे.

पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि जनआरोग्य चळवळीतले त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सांगत आहेत, की किंमत उत्पादनखर्चाशी बांधा आणि औषधं मूळ (जेनेरिक) नावाने लिहा. या मागणीला आकड्यांचं बळ दिलं बडोद्याच्या ‘लोकॉस्ट’ने. १९८३मध्ये सुरू झालेली ही विश्वस्त संस्था आवश्यक औषधं बनवून ना-नफा दवाखान्यांना पुरवते. तिचे दर आणि बाजारातल्या ब्रँडची एमआरपी शेजारी ठेवली, की फरक टक्क्यांत नव्हे, पटींत मोजावा लागतो. औषध किती स्वस्त बनू शकतं, याचा याहून प्रामाणिक पुरावा मला तरी ठाऊक नाही.

निवडणारा आणि पैसे देणारा एकच असला, की हीच स्पर्धा उत्तम चालते. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ १९९० च्या दशकापासून मूळ नावाने निविदा काढतं, प्रयोगशाळेत तपासणी करतं आणि मगच औषधं रुग्णालयांना देतं. स्पर्धेने भाव किती उतरू शकतो, हेही दिसलेलं आहे: मुंबईच्या सिप्लाने २००१मध्ये एड्सवरचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा त्याची जागतिक किंमत दहा हजार डॉलरहून अधिक होती.

जेनेरिकच्या दर्जाबद्दलची शंका रास्त आहे. म्हणून तर सरकारी प्रयोगशाळा आणि औषध निरीक्षक वाढवायला हवेत. महागडा ब्रँड हे त्या शंकेचं उत्तर नव्हे. आपण डॉक्टरांना मूळ नाव लिहायला सांगावं, पट्टीवरचे घटक वाचावेत, जनऔषधी केंद्रात भाव विचारावा. पण आजारी माणसाने एकट्याने किती झगडायचं? उत्पादनखर्चावर आधारित किंमत आणि मूळ नावाची सक्ती, हे काम सरकारचंच आहे.