स्तन काढायचा की राखायचा?

स्तनात कर्करोगाची गाठ निघाली की घरचे म्हणतात, ‘सगळंच काढून टाका, जीव तर वाचेल.’ भीती खरी, पण हिशेब चुकतो. इटलीतल्या मिलानमध्ये कर्करोगतज्ज्ञ उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० दरम्यान दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांवर पूर्ण स्तन काढणं आणि फक्त गाठीचा भाग काढून स्तन राखणं, या दोन्ही शस्त्रक्रिया ताडून पाहिल्या. वीस वर्षांनंतरही जगण्याचं प्रमाण सारखंच होतं! राखलेल्या स्तनात गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता मात्र थोडी जास्त, आणि त्यासाठीच पुढे रेडिएशन. ते काही आठवडे चालतं. रोजचा प्रवास, बुडणारी मजुरी, मुलांना कोण सांभाळणार, हेही डॉक्टरांपुढे बोला. हे बोलणं उपचाराचाच भाग आहे. गाठी अनेक ठिकाणी असतील तर बहुधा पूर्ण स्तन काढावा लागतो. तेव्हा स्तनाच्या पुनर्रचनेबद्दल शस्त्रक्रियेआधीच विचारा.