घरातून गोठ्यात वीज नेताना



बचत गटाचं कर्ज घेऊन आपल्यापैकी अनेकींनी शेळ्या घेतल्या, म्हैस घेतली, कोणी कडबाकुट्टी मशीन आणलं. मग गोठ्यात लाईट हवीच. पहाटे धार काढायला, रात्री शेळी व्यायला आली तर बघायला. पण गावभेटीत बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. घरातल्या बोर्डातून एक वायर काढलेली, मध्ये दोन जोड काळ्या टेपने गुंडाळलेले आणि तीच वायर पत्र्याच्या कडेवरून आत गेलेली.

वाऱ्याने वायर हलते, पत्र्याची धार तिचं आवरण कापते आणि सगळा शेड करंटमध्ये येतो. गोठ्यातली जमीन शेणामुताने कायम ओली, त्यात आपण बऱ्याचदा अनवाणी. जनावराला तर आपल्यापेक्षा जास्त धोका. त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्यामुळे जमिनीत उतरलेला करंट एका पायातून शिरून अंगातून दुसऱ्या पायात जातो. कर्जाचा हप्ता ज्या म्हशीच्या दुधावर चालतो, ती एका वायरपायी जायला नको.

वायर कशी न्यायची?
सगळ्यात चांगली जमिनीखालून. त्यासाठी आर्मर्ड केबल मिळते, तिच्यावर लोखंडी तारांचं कवच असतं. चर अडीच फूट खोल हवा. खाली वाळू, मग केबल, पुन्हा वाळू, वर विटा आणि माती. म्हणजे उद्या कुदळ लागली तरी आधी वीट लागेल. चर घरच्या घरी खणला तर मजुरी वाचते. जोडणी मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. वरून न्यायची असेल तर चाऱ्याची भरलेली गाडी खालून सहज जाईल एवढी उंच हवी, आणि तिच्या आधाराच्या तारेवर कपडे वाळत घालू नका. पत्र्यातून आत घेताना प्लॅस्टिकच्या पाईपमधूनच घ्या. मध्ये जोड नको, अखंड वायर आणा.

किती जाड?
दोन बल्बला बारीक वायर चालते. पण दोन एचपीची कडबाकुट्टी साधारण 10 अँपिअर खेचते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. वायर बारीक असली की मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही आणि शेवटी जळते. गोठा शंभर फुटांवर असेल तर 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मागा, आयएसआयचा शिक्का बघून.

एमसीबी आहे, मग भीती कशाला?
हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर तो पडतो. पण माणसाच्या अंगातून जाणारा करंट जीव घ्यायला पुरतो आणि एमसीबी पाडायला पुरत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलीअँपिअरचा. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट बंद करतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. लाईट चालू असताना ते दाबायचं; आरसीसीबी पडला म्हणजे ठीक, नाही पडला तर वायरमनला बोलवायचं. गटाच्या मासिक मीटिंगचा दिवस त्यासाठी ठरवून टाका, विसरणार नाही.

अर्थिंग
गोठ्याजवळ अर्थिंग करून घ्या. कडबाकुट्टीची लोखंडी बॉडी आणि पत्र्याच्या शेडचा सांगाडा त्याला जोडलेला हवा. नळाच्या पाईपला अर्थिंग जोडू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडू नका, ती आपल्यासाठीच आहे.

लाईट गेली की कडबाकुट्टीचा स्विच आधी बंद करा. हात आत असताना लाईट आली तर मशीन आपोआप सुरू होतं.

आणि मीटर?
घरच्या मीटरवर धंद्याची मोटर चालवायची असेल तर आधी महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा. मंजूर लोड किती, तो वाढवायचा का, वेगळं कनेक्शन लागेल का. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरली, तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

कोणी वायरला चिकटलं तर हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा आणि 108 ला फोन लावा.

एक शेवटचं. वायरमन आला की बोलायला घरातल्या पुरुषांना पुढे करू नका. गोठ्यात दिवसातून चार वेळा तुम्ही जाता. आरसीसीबी किती मिलीअँपिअरचा? अर्थिंग कुठे केलं? वायर किती स्क्वेअर एमएमची? हे तीन प्रश्न तुम्हीच विचारा, आणि उत्तरं मिळाल्यावरच पैसे द्या.