जोयड्याच्या पावसात ओरेगॅनो

अनमोड घाट चढल्यावर लागणाऱ्या जोयडा तालुक्यात ओरेगॅनो कुंडीतच लावावा, तोही पागोळ्यांपासून दूर. हे रोप मूळचे भूमध्य सागराकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. मुळांशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही आणि येथील जून ते सप्टेंबरचा पाऊस तर मुळेच कुजवतो. म्हणून मातीत भरपूर जाड रेती मिसळावी, छाट कलमे ऑक्टोबरात लावावीत. तोडणी फुले उमलण्याआधी, सकाळी दव ओसरल्यावर करावी. तेव्हा पानांत तेल अधिक असते. एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक खुडू नये. जुड्या सावलीत वाळवाव्यात. एवढा खटाटोप नको असेल, तर परसातला पानओवा आहेच! तोही तुळशीच्याच कुळातला, गंधही बहुतांशी त्याच कार्व्हाक्रोलचा. त्याची मांसल पाने मात्र ताजीच वापरावीत.