बाराव्या वर्षानंतरची आई

1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी ताणाला गुण दिले. त्यांच्या यादीत 43 घटना होत्या. जोडीदाराच्या मृत्यूला 100, गरोदरपणाला 40, मुलाने घर सोडण्याला 29 आणि सासरच्यांशी खटके उडण्यालाही 29च. गरोदरपण आणि घर सोडणे यांच्या मधल्या काळात वयात येणारे मूल रोज सांभाळावे लागते, त्यासाठी मात्र एकही ओळ नव्हती. यादी घटनांची होती, आणि हे सांभाळणे घटना नसून वर्षानुवर्षांचा भार आहे. 1983 मध्ये रिचर्ड अबिडिन यांची पालकत्वाच्या ताणाची प्रश्नावली आली, पण ती मुलाच्या बाराव्या वर्षाशी थांबत होती. 11 ते 19 वयोगटातील मुलांच्या पालकांसाठी वेगळी प्रश्नावली यायला 1998 उजाडले. तिने मुलाच्या लहरी आणि एकलकोंडेपणाबरोबरच आईबापांचा अपराधीपणा, नवराबायकोतले संबंध आणि चारचौघांपासून तुटणेही विचारले. मूल हाताशी आले की आई सुटली, ही समजूतच या उशिरामागे असावी असे मला वाटते.

2016 मध्ये सुनिया लुथर आणि लुसिया सिचोला यांनी 2,200 हून अधिक अमेरिकी मातांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा ही समजूत टिकली नाही. सर्वांत बेजार होत्या त्या साधारण 11 ते 14 वर्षांच्या मुलांच्या आया; तान्ह्या मुलांच्या नव्हेत. या माता बहुतांशी सुशिक्षित होत्या आणि त्याच आयांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झालेला नव्हता, हे आक्षेप रास्त आहेत. म्हणून हा निष्कर्ष सरसकट आपल्याकडे लावता येणार नाही. दुसरा आक्षेप असा, की आईने स्वतः सांगितलेला ताण हा काही पुरावा नव्हे, शरीर तपासावे. पण स्वमग्न किशोरवयीन आणि प्रौढ मुलांच्या मातांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक 2010 च्या एका अभ्यासात मोजले गेले, तेव्हा ते इतर मातांपेक्षा कमी भरले. दीर्घ ताणाने शरीराची प्रतिक्रियाच मंदावते, असा त्याचा अर्थ लावला गेला. नुसता आकडा पाहणाऱ्याने या आयांना निवांत ठरवले असते. तेव्हा तपासणीचा अर्थ लावायलाही आईचे म्हणणे ऐकावेच लागते.

या साऱ्या वाटचालीतून मला एकच गोष्ट ठामपणे दिसते: जे विचारले गेले नाही, ते नाहीच असे धरले गेले. लसीकरणाच्या निमित्ताने तान्ह्या बाळाची आई दवाखान्यात जाते, तिथे तिची चौकशी होऊ शकते. चौदा वर्षांच्या मुलाच्या आईला असे निमित्त उरत नाही. पालकसभेत मुलाच्या गुणांची चर्चा होते आणि ती घरी परतते. त्याच सभेत तिलाही ‘तुम्हाला झेपतंय का?’ असे विचारायला हवे, आणि उत्तर नकारार्थी आले तर पुढे कोणाकडे जायचे, हेही तिथेच सांगता यायला हवे.