भावकीपर्यंत पोहोचणारा पुरावा

खुनाच्या जागी सापडलेल्या रक्ताच्या डागावरून खुनी सापडतो असे आपण सहज म्हणतो. पण तो डाग कोणाशी तरी ताडून पाहावा लागतो. संशयितच हाती नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल फाईलला लागतो आणि कालांतराने प्रकरण ‘अ समरी’त जाते, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी अज्ञात. जनुकीय वंशावळीचे तंत्र याच अडचणीसाठी पुढे आले. नेहमीच्या डीएनए चाचणीत वीस-बावीस जागा तपासतात. एवढ्यावरून तोच माणूस की दुसरा, आणि फार तर बाप-लेक किंवा भाऊ एवढे कळते. नव्या पद्धतीत सहा-सात लाख जागा वाचल्या जातात, त्यामुळे ज्याचा आणि आपला खापरपणजोबा एक, असा दूरचा नातेवाईकही ओळखू येतो. तो नातेवाईक स्वतः निर्दोष असतो आणि बहुधा खुन्याला ओळखतही नसतो. तिथून पुढचे काम कागदाचे आहे: सामाईक पूर्वज शोधायचा, त्याच्या सगळ्या शाखा खाली उतरवायच्या, आणि वय, गाव, काळ यांवरून एक-एक नाव गाळत जायचे. एप्रिल 2018 मध्ये कॅलिफोर्नियात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या तेरा खुनांसाठी एका माजी पोलिसाला अटक झाली, ती याच मार्गाने. बार्बरा रे-व्हेंटर या वंशावळ अभ्यासिकेने त्या तपासाला दिशा दिली. अटकेचा आधार मात्र वंशावळ नव्हता. त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि त्याने टाकलेला कचरा यांवरचा डीएनए जुन्या नमुन्याशी थेट जुळला, तेव्हाच त्याला पकडले. वंशावळ बोट दाखवते, सिद्ध करते ती थेट चाचणी. कोणत्याही न्यायालयासाठी हा फरक कळीचा आहे.

हे तंत्र नांदेड-लातूरकडे आणायचे म्हटले की पहिला विचार येतो प्रयोगशाळेचा. नांदेडला राज्याच्या न्यायसहायक विज्ञान संचालनालयाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने 1 जुलै 2024 पासून सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी नेण्याची जबाबदारी घातली आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. यंत्रे विकत घेता येतात. वंशावळी विकत मिळत नाहीत, आणि त्या बाबतीत मराठवाडा समजतो तितका दरिद्री नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या वादात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महसुली अभिलेख कक्षांतले निजामकालीन दप्तर बाहेर निघाले. त्यात खासरा पत्रके होती, पाहणी पत्रके होती, गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यूची नोंदवही होती, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे होते. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले, फसली सनांचा हिशेब लावावा लागला. मराठवाड्यात सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर 11,530 कुणबी नोंदी हाती लागल्या. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, आजोबा-पणजोबांपर्यंत नाव-गावानिशी पोहोचण्याचे कौशल्य या भागातल्या तलाठ्यांनी आणि मोडी वाचकांनी त्या काही महिन्यांत कमावले, हे नाकारता येणार नाही.

हे कौशल्य अर्धेच आहे, हेही सांगितले पाहिजे. आपली वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. ती भावकीची असते. लेक लग्न होऊन गेली की तिचे नाव बदलते आणि कागदावरून ती नाहीशी होते. डीएनए मात्र माहेर-सासर पाळत नाही. जुळणारा नातेवाईक आईच्या आईकडूनही निघतो. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर विसंबावे, तर ते सगळ्या भावकीत जवळपास सारखेच असते. त्यावरून घराणे कळेल, माणूस कळणार नाही. स्वीडनमधल्या लिंकोपिंग शहरातल्या 2004 च्या दुहेरी खुनाचा छडा 2020 मध्ये पेटर शोलुंड या वंशावळ अभ्यासकाच्या मदतीने लागला. तिथे चर्चच्या वह्यांत आईचे नाव आणि स्थलांतरही पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेले असते. आपल्याकडे ही उणीव गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीतूनच भरून निघेल. कोणाची कोण कुठे दिली आणि तिची नणंद कोण, हे त्यांना तोंडपाठ असते, आणि तपास अधिकाऱ्याने तो पुरावा तितक्याच गांभीर्याने लिहून घ्यायला हवा.

दुसरी अडचण रक्ताची आहे. मराठवाड्यात आणि तेलंगण-कर्नाटकच्या सीमेवर मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. काही समाजांत बहिणीची मुलगीही करतात. त्यावर जातीतल्या जातीत लग्नांचा थर. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेतील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवले की अनेक भारतीय समूहांत ही बंदिस्ती सुमारे 70 पिढ्यांपूर्वी घट्ट झाली. अशा समाजात दोन माणसांत अनेक वाटांनी नाते असते. म्हणून दूरचा नातेवाईक जवळचा भासतो, आणि अमेरिकेतली गणिते इथे जशीच्या तशी लावली तर तपास भलत्याच घराच्या दारात जाऊन उभा राहील. जुळणारे तुकडे लांब आहेत की आखूड, हे पाहून जाणकार थोडाफार फरक करू शकतात. पण त्यासाठी इथल्याच कुटुंबांवर आधी अभ्यास व्हायला हवा.

सर्वांत गंभीर आक्षेप याहून वेगळा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत लोकांनी हौसेने, आपले पूर्वज शोधण्यासाठी डीएनए दिला. 2018 च्या एका अभ्यासात सुमारे 13 लाख लोकांच्या संग्रहात युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी साठ टक्क्यांना खापरपणजोबा सामाईक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडेल असे दिसले. आपल्याकडे असा स्वेच्छेचा संग्रह नाही. मग पोलीस कोणता वापरणार? 2022 च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे जैविक नमुने घेण्याची मुभा दिली आणि नोंदी 75 वर्षे ठेवण्याची तरतूद केली. अशा संग्रहात पारधी आणि इतर विमुक्त समाजांची माणसे प्रमाणाबाहेर असतील, कारण चोरी कुठेही झाली तरी पहिली धाड त्यांच्या पालावर पडते. ब्रिटिशांनी 1871 मध्ये ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्या नातेवाइकांचा माग काढणारे यंत्र उभे राहिले, तर कलंक रक्तातून मोजल्यासारखे होईल. त्या संग्रहावर नातेवाईक शोधण्याची परवानगी कधीच देऊ नये. अमेरिकेच्या न्याय विभागानेही 2019 च्या अंतरिम धोरणात हे तंत्र मुख्यतः खून, बलात्कार यांसारखे हिंसक गुन्हे आणि अनोळखी मृतदेह यांपुरते ठेवले, आणि नेहमीचे मार्ग आधी संपवण्याची अट घातली.

त्यातला अनोळखी मृतदेह हाच आपल्यासाठी खरा आरंभ आहे. ज्या खुनात मेलेला माणूस कोण हेच माहीत नाही, त्याचा तपास सुरूच होत नाही. बहुतेकदा खुनी मृताच्या ओळखीतला असतो. नांदेडला हुजूर साहिबसाठी देशभरातून भाविक येतात, गोदावरी वरच्या जिल्ह्यांतले देह वाहून आणते, लातूरला शिकवणीसाठी मुले येतात, ऊसतोडीला माणसे बाहेर जातात. पोलीस शोधपत्रिका काढतात, वर्तमानपत्रात वर्णन येते, काही दिवस वाट पाहून अंत्यसंस्कार होतात. मृत परप्रांतातला असेल तर इथल्या वंशावळी काय कामाच्या, असे कोणी विचारेल. बरोबर आहे, म्हणूनच जुळणी राष्ट्रीय पातळीवर हवी, आणि ती फक्त ज्यांचे माणूस हरवले आहे त्यांनी आपणहून दिलेल्या नमुन्यांशी. इथे कोणावर पाळत नाही, कोणाची जात शोधायची नाही. आई आपल्या लेकरासाठी थुंकीचा नमुना देते, एवढेच. 2019 च्या डीएनए विधेयकात हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्या स्वतंत्र सूची होत्या. गुन्हेगारांच्या सूचीवरून वाद झाला आणि जुलै 2023 मध्ये अख्खे विधेयक मागे घेतले गेले. त्यात या दोन निरुपद्रवी सूचीही बुडाल्या. त्या वेगळ्या काढून पुन्हा आणाव्यात. तोवर नांदेड आणि लातूरच्या जिल्हा प्रशासनाने एवढे करावे: अकस्मात मृत्यूच्या नोंदीतला कोणताही अनोळखी देह मातीआड किंवा अग्नीत जाण्याआधी त्याची एक दाढ आणि हाडाचा तुकडा नोंद क्रमांकासह जपून ठेवावा.